गाणे कुणाचे? : कलंदर कवी आणि त्यांच्या घरातली माणसे

आमच्या धर्मग्रामात ईस्टरच्या दिवसांत एक भक्तिगीत गायिले जाते. ते रचणारा गृहस्थ इथलाच, जालना जिल्ह्यातल्या याच मातीतला. आवाज गोड, पेटीवर हात बसलेला, आणि शब्द जणू त्याची वाट पाहत उभे असावेत अशी रचना. काही वर्षांपूर्वी तो बायको आणि मुले मागे टाकून परगावी दुसऱ्या एका स्त्रीसोबत राहू लागला. 'कलावंत माणूस, मनस्वी. अशी माणसे एका खुंट्याला बांधून राहत नाहीत,' असे त्याच्या बाजूने बोलणारे गावात निघालेच. कबूल करावयास हवे की मीही एका अर्थी त्यांच्यातलाच होतो. त्याची गीते मी आमच्या गीतपुस्तिकेत त्याच्या नावासह तशीच राहू दिली, आणि त्याच्या बायकोच्या दाराशी मात्र फार उशिरा गेलो.

ती बाई दरसाल दिवाळीच्या सुमारास भावासोबत कोयत्यावर जाते. ऊसतोडीचा हंगाम संपला की परत येते आणि गायनवृंदात बसून तेच गीत गाते. गेल्या वर्षी न राहवून मी तिला विचारले, "बाई, हे गाणं म्हणताना तुम्हाला त्रास होत असेल तर पुस्तकातून काढून टाकू का?" ती म्हणाली, "काढू नका, फादर. सबूद त्याचे हायेत, पर चाल माझ्या मायची हाय. जात्यावरची. म्याच त्याला म्हणून दाखिवली व्हती."

या उत्तराने मला काही जुनी पुस्तके पुन्हा उघडायला लावली. त्यांच्याविषयी आज लिहावयाचे आहे. कवी, त्याची वासना, त्याने मोडलेले वचन आणि त्यातून त्याला मिळालेली म्हणतात ती प्रेरणा, हा विषय आपल्या पानांवर सहसा येत नाही. कौटुंबिक वाचकांसमोर तो मर्यादेने मांडावा हे मला मान्य आहे. पण तो टाळावा हे मान्य नाही, कारण कुटुंबांतच तो घडतो.

प्रथम शब्दांकडे पाहू. घरदार, नोकरी, लौकिक यांची पर्वा न करता कलेसाठी जगणाऱ्याला युरोपात 'बोहेमियन' म्हणू लागले. आंरी म्युर्झे या फ्रेंच लेखकाने पॅरिसच्या अशा तरुणांच्या कथा १८५१ मध्ये पुस्तकरूपाने आणल्या आणि हा शब्द जगभर गेला. मराठीने त्याला आपले शब्द दिले : कलंदर, अवलिया, मनस्वी. हे सारे कौतुकाचे शब्द आहेत. खरा कलंदर हा सूफी फकीर. त्याने संसार मांडलेलाच नसतो, म्हणून तो मोडण्याचा प्रश्नही येत नाही. आपण मात्र तो शब्द मांडलेला संसार उधळणाऱ्याला बहाल केला. आणि बाईने तसे वागायचे ठरवले तर? मनाला येईल तिथे फिरणाऱ्या मुलीला आपल्याकडे 'भटकभवानी' म्हणतात. एकाच वृत्तीला पुरुषासाठी मानाचा आणि बाईसाठी हेटाळणीचा शब्द देणारी भाषा पुष्कळ काही आधीच ठरवून टाकते.

आमच्या जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात, जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. लग्नमंडपात भटजींच्या तोंडचा 'सावधान' हा शब्द कानी पडताच बाल नारायण मंडपातून निघून गेला, ही आख्यायिका इथले लहान मूलही सांगते. समर्थांच्या थोरवीबद्दल मला आदर आहे, आणि ज्या वयात ते निघाले त्या वयाच्या मुलाला कुणी दोष देऊ नये. तरी ही कथा ऐकताना माझे लक्ष हल्ली अंतरपाटाच्या दुसऱ्या बाजूला जाते. तिथे एक मुलगी उभी होती. कथेत तिला नाव नाही. शेकडो वर्षे ही कथा सांगताना तिचे नाव सांगावे अशी गरजही आपल्याला वाटली नाही.

हा दोष दुसऱ्याच्या अंगणातला म्हणून मी दाखवीत नाही. आपल्या घरात तो अधिक ठळक आहे. संत ऑगस्टीन यांचा 'कबुलीजबाब' इसवी सन ४०० च्या सुमाराचा. पाश्चात्त्य जगातले आत्मचरित्र तिथून सुरू होते असे मानतात. सेमिनरीत आम्ही तो ग्रंथ जवळजवळ गुडघे टेकून वाचला. त्यात एक स्त्री आहे. ऑगस्टीन तरुणपणी जवळजवळ पंधरा वर्षे तिच्यासोबत राहिले. त्यांना अदेओदातुस नावाचा मुलगा झाला. पुढे प्रतिष्ठित घराण्यात लग्न जमल्यावर तिला आफ्रिकेला परत पाठविण्यात आले. मुलगा बापापाशी ठेवून, पुन्हा कुणा पुरुषाकडे पाहणार नाही अशी शपथ घेऊन ती गेली. हे सारे ऑगस्टीन स्वतःच सांगतात. तिच्या जाण्याने हृदय कसे रक्तबंबाळ झाले हेही सांगतात, आणि नंतर आपण लगेच दुसरी स्त्री जवळ केली हेही लपवीत नाहीत. त्या प्रामाणिकपणाला तोड नाही. पण एवढ्या प्रामाणिक ग्रंथात त्या बाईचे नाव नाही. मुलाचे आहे. हा फरक सेमिनरीत मला कधी खटकला नव्हता. त्या ऊसतोडणी बाईच्या उत्तरानंतर खटकला.

दाविदाचेही तसेच. एकावन्नावे स्तोत्र परंपरेने त्याच्या पश्चात्तापाशी जोडले गेले आहे. बथशेबाचा मोह, उरियाचा घात आणि नाथान संदेष्ट्याने केलेला निषेध यांच्यानंतरचे ते स्तोत्र. उपवासकाळात आपण ते सारे मिळून म्हणतो. वासनेतून आणि विश्वासघातातून उत्तम काव्य निघू शकते, हे नाकारायला म्हणूनच ख्रिस्ती वाचकाला जागा नाही; आपली प्रार्थनाच त्याची साक्ष आहे. परंतु ते काव्य पापाने दिले की पश्चात्तापाने, हा प्रश्न उरतो. शिवाय बथशेबाचे स्तोत्र कुठे आहे, हाही प्रश्न उरतो.

ग्रॅहम ग्रीन हे नाव आपल्या वाचकांना परके नाही. ते १९२६ मध्ये कॅथलिक झाले, १९२७ मध्ये व्हिव्हियनशी त्यांचा विवाह झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅथरीन वॉल्स्टन या विवाहित स्त्रीशी त्यांचे प्रेमसंबंध जुळले आणि त्या काळातूनच १९५१ ची 'द एंड ऑफ द अफेअर' ही कादंबरी आली. ईश्वर आणि वासना यांची अशी झटापट फार थोड्या कादंबऱ्यांत सापडेल. पतिपत्नी १९४७ मध्ये विभक्त झाले. घटस्फोट कधीच झाला नाही. व्हिव्हियनबाई पुढे बाहुल्यांच्या जुन्या घरांच्या जाणकार म्हणून नावाजल्या. ऑक्सफर्डला त्यांनी त्यांचे संग्रहालय केले. २००३ पर्यंत त्या जगल्या. मोडलेल्या संसाराची ही बाई आयुष्यभर चिमुकली, नीटनेटकी, पूर्ण घरे गोळा करीत राहिली, हे मला त्या कादंबरीच्या शेवटापेक्षाही अधिक काळ आठवत राहते. पण तीही बोलली ती मुख्यतः वस्तूंतून.

आता मराठीकडे वळू, कारण मराठीत एक वेगळी गोष्ट घडली आहे. इथे घरातल्या बाईने लेखणी घेतली.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांना आपण भक्तकवी म्हणून ओळखतो. त्यांची भजने कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोन्ही मंदिरांत घुमतात. पण 'स्मृतिचित्रां'तले टिळक काही चौकटीत बसविलेले संत नव्हेत. क्षणात रागावणारे, क्षणात विरघळणारे, घरातला पैसा वाटेल त्याला देऊन टाकणारे, न सांगता उठून चालू लागणारे असे ते गृहस्थ आहेत. कलंदर हा शब्द कुणाला शोभावा तर त्यांना. परस्त्रीचा मोह हा त्यांचा दोष नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. त्यांना ओढून नेणारी गोष्ट निराळी होती : सत्याची तहान, देशाची चिंता, कविता आणि शेवटी प्रभू येशू. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नीला आधी विश्वासात न घेता घेतलेला तो निर्णय होता. पुढची सुमारे पाच वर्षे लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन नातलगांच्या आधाराने राहिल्या. नवरा जिवंत असून धर्माने मेलेला, अशी ती अवस्था. त्या काळातल्या ब्राह्मण स्त्रीला तिचा अर्थ काय होता हे आज कल्पनेनेच जाणावे लागेल.

आपण ख्रिस्ती वाचक ही प्रकरणे वाचताना टिळकांच्या बाप्तिस्म्याच्या आनंदात इतके रमतो की लक्ष्मीबाईंचे दुःख आपल्याला केवळ वाटेतला अडथळा वाटते. मीही प्रवचनांत तसेच सांगत आलो. पुस्तक तसे नाही. लक्ष्मीबाई आपला संताप, आपले वेडेपिसेपण, नवऱ्याविषयीचे प्रेम आणि त्याची खोड, सारे एकाच स्वरात सांगतात, आणि तो स्वर हसरा आहे. कडवटपणा लपविण्यासाठी आणलेले ते हसू नव्हे. ज्या माणसाबरोबर आयुष्य काढले त्याला आतून-बाहेरून ओळखल्याचे ते हसू आहे. टिळक मोठे होते हे तिला ठाऊक आहे, आणि ते किती अवघड होते हेही. एक गोष्ट सांगताना ती दुसरी खाली ठेवीत नाही. आजवर टिळकांवर लिहिलेल्या गौरवग्रंथांपेक्षा टिळक जिवंत भेटतात ते इथे. ज्या बाईला नवऱ्यानेच अक्षरओळख करून दिली, तिने त्याला मराठी भाषेत अमर केले. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य टिळकांनी आरंभिले. थोडाच भाग हातून झाला आणि १९१९ मध्ये ते वारले. ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी.

दुसरे पुस्तक हाती घेताना स्वर एकदम बदलतो. मल्लिका अमर शेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हे आत्मकथन १९८४ मध्ये आले. शाहीर अमर शेख यांची ही कन्या, स्वतः कवयित्री. आत्मकथनाच्या पाच वर्षे आधी त्यांचा 'वाळूचा प्रियकर' हा संग्रह निघाला होता. हे लिहिले तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती. पती नामदेव ढसाळ. पुस्तक घरात मोठ्याने वाचण्याजोगे नाही, हे आधीच सांगतो. प्रौढांनी मात्र ते टाळू नये.

ढसाळांविषयी आमच्या भागात सहज बोलता येत नाही. मराठवाड्यातली अनेक ख्रिस्ती कुटुंबे ज्या वस्त्यांतून आली त्याच वस्त्यांत दलित पँथरचे नाव अभिमानाने घेतले जाई. पँथरची स्थापना १९७२ ची, आणि विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह 'गोलपिठा' आला तोही त्याच वर्षी. मी तो प्रथम सेमिनरीतल्या एका सोबत्याकडून घेऊन वाचला. निम्मे शब्द कळले नाहीत. जे कळले त्यांनी झोप उडविली. मुंबईच्या कामाठीपुऱ्यातले, देहविक्रयाच्या गल्ल्यांतले जग मराठी कवितेत असे कधी आले नव्हते. ढसाळांना 'बोहेमियन' म्हणणारे समीक्षक पुष्कळ झाले, पण तो शब्द इथे नीट बसत नाही. पॅरिसचा तरुण दारिद्र्याची निवड करतो. त्याला घरी परत जाता येते. टॅक्सी चालवून पोट भरलेल्या ढसाळांना ते जग निवडायला मिळाले नव्हते, ते त्यांच्या वाट्याला आले होते. त्यांच्या उधळलेल्या जगण्याचे जे चविष्ट किस्से सुखवस्तू घरांत सांगितले जातात, त्यांत मला नेहमी तमाशाच्या पुढच्या रांगेत बसलेल्या प्रेक्षकाची चव येते.

'गोलपिठा'त 'मंदाकिनी पाटील' ही कविता आहे, देहविक्रयात लोटलेल्या एका तरुण मुलीवरची. करुणा या शब्दाचा अर्थ मला सांगावयाचा झाला तर मी ज्या मोजक्या मराठी कविता दाखवीन त्यांत ती आहे. आणि याच कवीच्या पत्नीचे पुस्तक सांगते ते दारूविषयी, मारहाणीविषयी, इतर स्त्रियांविषयी, आणि नवऱ्याकडून आपल्या शरीरात आलेल्या गुप्तरोगाविषयी. बाजारातल्या बाईचे दुःख ज्याने सर्वांत आधी ऐकले, त्याला घरातल्या बाईचे ऐकू आले नाही.

इथे वाचक दोन सोप्या वाटा धरतात. एक म्हणते, एवढी मोठी कविता ज्याने दिली त्याला हे माफ. ती कविता अशा जगण्याशिवाय आलीच नसती. दुसरी म्हणते, असा माणूस खोटा, म्हणून कविताही खोटी. मला दोन्ही पटत नाहीत. कवितेतली करुणा खरी आहे. वाचणाऱ्याच्या छातीत ती आजही उतरते, तिला कवीच्या वर्तनाचा दाखला लागत नाही. पण त्या कवितेसाठी घरातल्या मुलीचा बळी लागला, हे म्हणणे सरळ चुकीचे आहे. 'गोलपिठा' कामाठीपुऱ्यातल्या बालपणातून, भुकेतून, जातीच्या जाचातून आणि भाषेवरच्या अचाट हुकमतीतून आला. पत्नीच्या यातनेने त्यात एका ओळीचीही भर घातलेली नाही. प्रेरणेला स्वैराचार लागतो, हा नियम कवितेचा कधीच नव्हता. तो पुरुषांनी आपल्या सोयीसाठी कवितेच्या नावावर घेतलेला परवाना आहे.

मल्लिकाबाईंच्या पुस्तकाकडे केवळ तक्रार म्हणून पाहणाऱ्यांचा मला राग येतो. त्या स्वतःला साध्वी म्हणून उभ्या करीत नाहीत. आपली ओढ, आपला हट्ट, किशोरवयातले आंधळे प्रेम, सोडून जाण्याचा प्रयत्न आणि परत येणे, हे सारे त्या लिहितात. लक्ष्मीबाईंचे हसू इथे नाही. असते तर ते खोटे वाटले असते. रचनेच्या दृष्टीने पुस्तक विस्कळीत आहे, काही ठिकाणी वाक्ये धापा टाकतात. पण ऑगस्टीन यांच्या ग्रंथात जिला नाव मिळाले नाही, तिने जर लेखणी उचलली असती तर ती कदाचित अशीच धापा टाकीत लिहिती. जेरी पिंटो यांनी २०१६ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद केला तेव्हा अनेक मराठी वाचकांना हे पुस्तक पुन्हा आठवले. आपलेच पुस्तक आठवायला आपल्याला परभाषेची वाट पाहावी लागली, असो. मल्लिकाबाई पुढेही कविता लिहीत राहिल्या. ढसाळांना १९९९ मध्ये पद्मश्री मिळाली. दीर्घ आजारपणानंतर १५ जानेवारी २०१४ रोजी ते मुंबईत वारले, तेव्हा त्यांच्या पत्नी मल्लिकाबाईच होत्या. हे पातिव्रत्याचे उदाहरण म्हणून प्रवचनात घेण्याचा मोह कुणा धर्मगुरूला झाला तर त्याने तो आवरावा. ज्या बाईने सहन केले ते जगासमोर लिहून ठेवले आहे, तिच्या सहनशीलतेचे गोडवे गाणे म्हणजे तिचे पुस्तक न वाचणे होय.

माझ्यावर इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे : घर सोडलेल्या माणसाने हे बोलावे का? मीही आईबाप सोडून सेमिनरीत गेलो. फरक एवढाच की दीक्षेच्या वेळी मी जे वचन दिले ते एकटे राहण्याचेच होते. कुणाला संसाराचे वचन देऊन मी निघालो नाही. हे उत्तर मी अनेकदा दिले आहे आणि ते बरोबर आहे. माझ्या आईला मात्र मी कधी विचारले नाही की तिला काय वाटले. ती निरक्षर होती, तिने काही लिहून ठेवलेले नाही. तिच्याही ओव्या होत्या, जात्यावरच्या. त्यांतली एकही मला आज पुरी आठवत नाही.

टिळकांच्या आणि ढसाळांच्या घरातून दोन-दोन आवाज मराठीला मिळाले. त्यांतला एक आपण आधी ऐकला, सभा-संमेलनांत ऐकला. दुसरा बराच उशिरा, आणि तोही अडखळत. समीक्षेत आपण प्रेरणेचा शोध घेतो तेव्हा कवीची प्रेयसी कोण, हे हौसेने विचारतो. चाल कुणी बसवून दिली, हे विचारीत नाही.

आमच्या गीतपुस्तिकेची नवी आवृत्ती ईस्टरपूर्वी छापावयाची आहे. छापखान्याला मजकूर गेला आहे. त्या एका गीताखालची जागा तूर्त मोकळी ठेवली आहे. शब्दकाराचे नाव राहील. चालीपुढे काय लिहावे म्हणून मी त्या बाईला निरोप धाडला. ती अजून फडावर आहे. भावाच्या फोनवरून तिने उलट निरोप पाठविला की माझे नको, मायचे घाला; आणि मायचे नाव ती आल्यावर सांगेल.